शाळेला एक नर्स हवी
(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘शाळेने मला काय दिलं’. सकाळपासून सहा जण त्यावर बोलून गेले. दर भाषणागणिक खाल्लेल्या छड्यांची संख्या वाढत चाललीय. त्यात मी भर घालत नाही. मी बोलणार आहे ते शाळेत आपल्याला जे मिळालं नाही त्याबद्दल. तक्रार म्हणून नाही. त्या वेळी आपल्या भागातल्या कुठल्याच शाळेत ते नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

आठवीत माझ्या बाकावर एक मैत्रीण बसायची. तिला विचारूनच हे सांगते आहे. नाव घेणार नाही. काहींना ओळख पटेल, पटू दे. ती खडू खायची. पाटीवरची पेन्सिल तर सुपारीसारखी कुडूकुडू चावायची. आपण तिला काय काय नावं ठेवली ते आठवा. मीही ठेवली. फळ्याजवळचे खडू संपतात म्हणून तिला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. पावसाळ्यात पहिला पाऊस पडला की ती खिडकीशी जाऊन मातीचा वास घेत राहायची. आपल्याला वाटायचं, हिला कविता सुचतेय.

प्रार्थनेला उभं असताना ती दोनदा भोवळ येऊन पडली. पहिल्या वेळी कांदा हुंगायला दिला, दुसऱ्या वेळी साखरपाणी. ‘सकाळी काही न खाता येतात या मुली’ एवढंच निदान झालं. वरच्या मजल्यावर वर्ग भरायचा तेव्हा जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबायची. आम्ही पुढे निघून जायचो. दर महिन्याला चार दिवस ती यायचीच नाही. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे लाल शाईतले ‘गै’ ओळीने दिसायचे. नववीत, म्हणजे किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, सहामाहीत ती चार विषयांत नापास झाली. दिवाळीनंतर आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्या आसपास होतं. निरोगी बाईचं बारा किंवा त्याहून जास्त असायला हवं. तिला रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘माती, खडू, भिंतीचा चुना असलं काही खावंसं वाटत होतं का गं कधी?’ ती थक्क झाली. बाईंना कसं कळलं? शरीरात लोह कमी पडलं की काही जणांना असल्या वस्तू खाव्याशा वाटतात, ही वैद्यकशास्त्रात जुनी, माहितीतली गोष्ट आहे. दम लागणं, भोवळ, लक्ष न लागणं, सगळं त्याच माळेतलं. आपण दोन वर्षं रोज तिची लक्षणं बघत होतो आणि तिला हसत होतो.

या मेळाव्याचं निमंत्रण द्यायला मी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘मी कशी येऊ? मी तुमच्या बॅचची नाहीच. मी दहावीला नव्हते.’ आणि खरंच, आपली यादी दहावीच्या परीक्षेच्या बैठक क्रमांकांवरून केली होती. पाचवीत आपण किती जण होतो आणि दहावीला किती उरलो, हा हिशेब कुणीच केला नव्हता. मीही नाही.

आता माझं सांगते. मला आठवीपर्यंत फळा दिसत नव्हता. दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांना असंच दिसतं, आणि हुशार मुलं ऐकून लिहून घेतात, अशी माझी समजूत होती. मी शेजारच्या वहीतून उतरवायची. ती वही या खडूवाल्या मैत्रिणीचीच. गणिताच्या सरांनी भर वर्गात माझी वही उचलून ‘कॉपी’ म्हणून दाखवली होती. सर इथे नाहीत आणि असते तरी हे बोललेच असते, कारण नंतर त्यांनीच मला स्कॉलरशिपसाठी फुकट शिकवलं. त्यांना तरी कसं कळणार? साठ मुलांचा वर्ग.

कळलं ते आपल्या मावशींना. घंटा देणाऱ्या, पाण्याची टाकी भरणाऱ्या मावशी. सूचनाफलक वाचताना मी नाक लावून वाचते, हे त्यांनी पाहिलं. बाजाराच्या दिवशी माझी आई भेटली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘वैनी, पोरीचं डोळं दावा एकदा.’ एसटीने मिरजेला गेलो. नंबर निघाला मायनस साडेतीन. चष्मा लावून पहिल्या दिवशी वर्गात आले आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट दिसली : पट ५८, हजर ५१. मी मैत्रिणीला विचारलं, ‘हे आज नवीन लिहिलंय का?’ ते पाचवीपासून रोज लिहिलेलं असायचं.

पुढे सांगलीला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी, घर, कर्ज, सगळं तुमच्यासारखंच. माझं शिक्षण एका मावशींच्या नजरेमुळे वाचलं, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. मैत्रिणीच्या वाट्याला ती नजर आली नाही, कारण मावशींना डोळ्यांचं कळायचं, रक्ताचं कळायचं नाही. ते त्यांचं कामही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे डॉक्टर यायचे की. यायचे, वर्षातून एकदा. जीभ बाहेर काढा, पुढे चला. माझ्या कार्डावर तीनही वर्षं ‘प्रकृती : ठीक’ असंच लिहिलेलं आहे. कार्ड अजून आईच्या ट्रंकेत आहे. आणि ऑफिसातली प्रथमोपचाराची पेटी आठवते का? आत आयोडीन, जांभळं औषध आणि कापूस. किल्ली मोठ्या लेखनिकांच्या खिशात, आणि लेखनिक बहुतेक वेळा पंचायत समितीत.

२०१० साली कंपनीने मला न्यू जर्सीला पाठवलं. मुलगी सहा वर्षांची होती. तिला तिथल्या सरकारी शाळेत घालायला गेलो. वर्गशिक्षिकेच्या आधी आम्हाला भेटल्या त्या शाळेच्या नर्स. त्यांची स्वतंत्र खोली होती. दोन खाटा, वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी आणि नजर तपासायचा तक्ता. लसींचे कागद त्यांनी एकेक तारीख लावून तपासले. मला ते सगळं अती वाटलं.

नोव्हेंबरात एका दुपारी त्यांचा फोन आला. ऑफिसात त्या दिवशी मोठं काम बाहेर पडणार होतं आणि मी जरा वैतागूनच बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुमची मुलगी गेले चार मंगळवार पोट दुखतं म्हणून माझ्याकडे येते. फक्त मंगळवारी.’ त्यांच्या वहीत नोंद होती. मंगळवारी त्या वेळेला काय असतं हे त्यांनी पाहिलं. मोठ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून गोष्ट ऐकायचा तास. गोष्ट संपली की प्रश्न. त्यांनी पोट तपासण्याऐवजी कान तपासला. कानाला यंत्र लावून, वेगवेगळे बारीक आवाज ऐकवून. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलंय, लहान मुलांत पुष्कळदा होतं. तीन महिन्यांत आपोआप बरं झालं. तोपर्यंत नर्सबाईंनी तिला सगळ्या वर्गांत पुढे बसवायला लावलं.

मी आई. दिवसातून दहा वेळा तिला हाक मारणारी. मला कळलं नव्हतं. मी ‘ही हल्ली ऐकतच नाही’ म्हणून तिला ओरडत होते. वाक्य खरं होतं, फक्त अर्थ चुकीचा लावला होता.

शाळेत नर्स ठेवायची ही कल्पना कुठून आली याबद्दल मी तिथे असतानाच वाचलं. श्रीमंतीतून आलेली नाही ती. १९०२ साली न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर तपासायला यायचे आणि खरूज, गजकर्ण, उवा, डोळे आलेली मुलं दिसली की घरी पाठवायचे. बहुतेक मुलं बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांतली. एकेका खोलीत आठ-दहा माणसं. आईबापांना चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. मुलं घरी जायची ती तिथेच राहायची, रस्त्यावर खेळायची. लिलियन वाल्ड नावाच्या बाईंनी त्या वस्तीत परिचारिकांचं काम उभं केलं होतं. त्यांनी महापालिकेला सांगितलं, आमची एक नर्स एक महिना वापरून बघा. लिना रॉजर्स त्यांचं नाव. चार शाळा दिल्या. मलम लावायचं तर त्यांनी शाळेतच लावलं, मुलाला वर्गात परत पाठवलं, आणि शाळा सुटल्यावर घरी जाऊन आईला समजावलं. महिना संपताच आणखी नर्सेस नेमल्या गेल्या. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या शाळांतून दहा हजारांहून जास्त मुलं घरी पाठवली होती. पुढच्या सप्टेंबरात तो आकडा अकराशेवर आला. औषधं तीच होती आणि डॉक्टरही होतेच. मधला माणूस नवा होता.

आमच्या धंद्यात सर्व्हर अचानक बंद पडत नाही. आधी खुणा देतो. त्या सगळ्या खुणा एका फायलीत आपोआप लिहिल्या जातात, तिला आम्ही लॉग म्हणतो. बंद पडल्यावर धावाधाव होते आणि मग लक्षात येतं, लॉगमध्ये आठ दिवसांपासून लिहिलेलं होतं, वाचलं कुणी नाही. आपलं हजेरीपत्रक काय वेगळं होतं? दर महिन्याचे चार ‘गै’, लाल शाईत, ठळक.

आता आजची स्थिती. गेल्या महिन्यात मी दोन दिवस शाळेत येऊन बसले. मॅडमनी मला वेळ दिला, त्यांचे आभार. आपल्या वेळेपेक्षा आज खूप बरं आहे, हे आधी सांगते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. वर्षातून एकदा शाळेत गाडी येते. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांतले तीस प्रकार ते बघतात. हृदयाच्या शस्त्रक्रियासुद्धा त्यातून मोफत होतात. वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते. दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते, मोठ्या मुलांना निळी. आपल्या मैत्रिणीला ही निळी गोळी मिळाली असती तर, हा विचार त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यातून गेला नाही.

पण त्या निळ्या गोळीचं काय होतं ते ऐका. मुलींच्या वर्गाच्या खिडकीखाली मला सात-आठ गोळ्या सापडल्या. मी मुलींना विचारलं. सुरुवातीला हसल्या, मग बोलल्या. मळमळतं. शौचाला काळं होतं, भीती वाटते. एकीला कुणीतरी सांगितलं होतं की या गोळीने पुढे मूल होत नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची, वर लगेच चहा प्यायचा नाही कारण चहाने लोह अंगी लागत नाही, काळं होतं ते फक्त लोहाने आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. सरांनी वर्गात गोळ्या वाटल्या, सह्या घेतल्या. हे बोलणं त्यांना अवघड आणि मुलींना त्याहून अवघड. देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. गोळी पोचली नाही असं नाही. खिडकीपर्यंत पोचली.

तसंच चिठ्ठ्यांचं. पथक तपासून जातं, ज्या मुलांना पुढे दाखवायला हवं त्यांना चिठ्ठी देतं. किती मुलं पुढे गेली हे मॅडमना सांगता येईना. त्यात त्यांचा दोष नाही. ते बघायला माणूसच नाही. शिक्षकांकडे आधीच पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. चिठ्ठी दप्तराच्या तळाला डब्याखाली जाते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांची चिठ्ठी तर आजीच्या हातात पडते, आणि आजी ती देवळीत जपून ठेवते.

आता मुद्द्यावर येते. आपल्या बॅचने शाळेला कमान बांधून द्यायची ठरवली आहे. अकरा लाखांचं अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी पाहिलंय. चित्र सुंदर आहे. मलाही आवडलं. माझं म्हणणं एवढंच आहे की कमान थांबवून त्या पैशात शाळेला एक पूर्णवेळ नर्स ठेवावी. नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम झालेली, शक्यतो याच पंचक्रोशीतली. महिना पंचवीस हजार धरले तर वर्षाचे तीन लाख. तीन वर्षं निघतात आणि दोन लाख खोलीला उरतात. जुन्या प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली मॅडम द्यायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, आणि ती मला पटली : खोलीला पडदा हवा आणि दार शिक्षक-खोलीच्या समोर नको.

त्या बाई औषधं लिहून देणार नाहीत. ते डॉक्टरांचं काम. त्या वर्षातून दोनदा वजन-उंची घेऊन मागच्या वेळेशी ताडून बघतील. सहा मीटरवर तक्ता लावून प्रत्येकाची नजर बघतील. सलग गैरहजर मुलाच्या घरी जातील. चिठ्ठीमागे लागतील. पाळीबद्दल मुलींशी बोलतील, आणि मुलग्यांशीही कुणीतरी त्यांच्या वयाबद्दल बोलायला हवं, ते आपल्या वेळी कुणी केलं नाही. त्याचा परिणाम आपल्यातल्या कित्येकांच्या बायकांना विचारा. हसू नका, मी गंभीरपणे सांगतेय. दहावीच्या पोरांना झोप लागत नाही, रडू येतं, हेही आज मॅडमना रोज दिसतं. ते ऐकायला एक खुर्ची तरी असेल.

आक्षेप मला कळले आहेत, ग्रुपवर आलेत. पहिला, शिबिर घेऊ या, एका दिवसात काम. शिबिराचा फोटो चांगला येतो. पण माझ्या मुलीचे चार मंगळवार शिबिरात दिसले नसते. दुसरा, तू इंजिनिअर आहेस, ॲप करून दे. करून देईन, दोन शनिवारचं काम आहे. पण मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून ती गुलाबी आहे की पांढरी, हे ॲप बघणार नाही. तिसरा आक्षेप खरा आहे : तीन वर्षांनी काय? माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ९४ आणि ९६ च्या बॅचशी मी बोलले आहे, ते विचार करतो म्हणालेत. विचार करतो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तरीही, तीन वर्षांत पाचवीतली मुलगी आठवीत जाते. तेवढी तर जाईल.

चौथा आक्षेप कुणी लिहिला नाही, पण आहे. कमानीवर आपल्या बॅचचं नाव कोरलं जाईल, नर्सवर काय कोरणार? त्याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. हवं असेल तर वजनकाट्यावर लिहू.

शेवटचं. ती आली आहे. शेवटून दुसऱ्या रांगेत बसलीय, तिला मीच ओढून आणलंय. तिची नात यंदा आपल्या बालवर्गात आहे. संयोजकांना विनंती, यादीत तिचं नाव घाला, आणि पाचवीच्या पटावरून यादी पुन्हा करा. आणखी बरेच जण सापडतील.

कमान की नर्स यासाठी कागद चहाच्या टेबलापाशी ठेवला आहे, दोन रकाने आहेत. नजर तपासायचा तक्ता आणि मोजपट्टी मी पुण्याहून आणली आहे, गाडीत आहे. चहा झाल्यावर दोघंतिघं या, त्या अडगळीच्या खोलीत सहा मीटर जागा निघते का ते मोजून बघू.